अंतर न सांगणारा दिवा

आधी जरीमरीला या. कुर्ला पश्चिमेला उतरा, अंधेरीकडे जाणारी बस धरा आणि विमानतळाच्या भिंतीला खेटून असलेल्या वस्तीतल्या एखाद्या तिमजली घराच्या गच्चीवर चढा. पाण्याच्या काळ्या टाक्या, वायरींचं जाळं, कोणाचे तरी वाळत घातलेले गणवेश. रात्रीचे साडेआठ वाजलेत. तोंड पूर्वेला करा, घाटकोपरच्या डोंगराकडे.

डोंगराच्या वर एक पांढरा दिवा टांगलेला दिसतोय. सरकत नाही, लुकलुकत नाही, आवाजही नाही. मिनिट जातं, दोन मिनिटं जातात. दिवा तिथेच, फक्त किंचित जाड झालाय. मग तो एकदम फुटतो, एकाचे तीन होतात, बाजूला तांबडा-हिरवा ठिपका उमटतो आणि पुढच्या वीस-पंचवीस सेकंदांत पत्रे थरथरवत एक अख्खं विमान डोक्यावरून धावपट्टीवर उतरतं. मागे डोंगरावर दुसरा दिवा टांगलेला असतोच.

उतरणारं विमान मिनिटाला चार किलोमीटर तोडतं. तरी ते तुम्हाला थांबलेलं दिसलं, कारण ते तुमच्याच रोखानं येत होतं. रोख बदलला नाही तर डोळ्याला हालचाल कळत नाही. अंधारातल्या एकट्या दिव्याला आकार नसतो, म्हणून अंतर नसतं, आणि अंतर कळल्याशिवाय वेग कळत नाही. जरीमरीतल्या पोरांना हे कोणी शिकवलेलं नाही, पण त्यांना ते पक्कं ठाऊक आहे. एवढी एक गोष्ट खिशात टाका आणि डोळे मिटा.

उघडाल तेव्हा ऑगस्ट १९४४. पाऊस. कुर्ला अजून मुंबई शहरात धरत नाहीत. ते उपनगर जिल्ह्यातलं वेगळं गाव आहे आणि १९५० मध्ये हद्द वाढेल तेव्हा शहरात जाईल. गाव असलं तरी मागास नाही. देशातली पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदराहून निघाली ती इथवरच आली होती. स्वदेशी मिलचा भोंगा होतो. जरीमरीच्या पलीकडे सांताक्रूझचं मैदान रॉयल एअर फोर्सच्या ताब्यात आहे. चारच महिन्यांपूर्वी, १४ एप्रिलला, गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोट स्फोटानं फुटली तेव्हा जपानी आले म्हणून लोक जिवाच्या आकांतानं पळाले होते. आभाळात काही चमकलं की माणसं अजून दचकतात. काही काचांवर ब्लॅकआऊटचा काळा कागद तसाच आहे.

तुम्ही स्टेशनात उभे आहात. गोकुळाष्टमी तोंडावर आलीय, दहीहंडीची वर्गणी मागणारी पोरं फलाटावर फिरताहेत. जी.आय.पी. रेल्वेच्या लाइनीवरून एक खास गाडी संथपणे जाते. खिडक्यांतून अमेरिकन सोल्जर, घामानं लाल झालेले. पोरं वर्गणी विसरून हात पसरतात. एक म्हातारी पदर सावरत म्हणते, “कुठं नेत्यात ह्यांना मरायला, कुणाला ठावं!” कल्याण, भुसावळ, नागपूर करत ही वाट थेट खडगपूरला जाते. चढा गाडीत. तुम्हाला कोण अडवणार?

खडगपूर हा अमेरिकेच्या विसाव्या बॉम्बर कमांडचा तळ आहे. हिजलीच्या ज्या इमारतीत इंग्रजांनी राजकीय कैदी डांबले होते तिथेच आता कमांडचं मुख्यालय आहे, आणि तिथेच पुढे आयआयटी सुरू होईल. धावपट्टीवर बी-२९ उभी आहेत. अकरा माणसांचं, चार इंजिनांचं हे विमान इतकं नवं आहे की त्याच्या इंजिनांना हवेतच आग लागते आणि वैमानिक जपान्यांइतकेच त्या इंजिनांना घाबरतात.

१० ऑगस्ट. सिलोनच्या चायना बे तळावरून याच कमांडची ५४ विमानं उडाली. काही सुरुंग पेरायला, बाकीची सुमात्रातल्या पॅलेम्बांगच्या तेल शुद्धीकरण कारखान्यावर. जाऊन-येऊन सहा हजार किलोमीटरांच्या वर, एकोणीस तासांच्या आसपास. तुम्ही कॅप्टन अल्वा रीडा याच्या विमानात, उजव्या बाजूच्या तोफवाल्याच्या मागे अवघडून बसला आहात. बॉम्ब टाकून झालेत. मध्यरात्र उलटलीय. उंची १४ हजार फूट, खाली-वर ढग, आसपास आपलं दुसरं विमान नाही. घसा कोरडा, कानांत इंजिनांची घरघर इतकी मुरलेली की ती ऐकूच येत नाही.

तोफवाला ताठ होतो. सहवैमानिकालाही तेच दिसलंय. उजव्या पंखापासून जराशा अंतरावर तांबूस-नारिंगी, धगधगता, थरथरणारा गोळा. तो तुमच्या बरोबरीनं चाललाय.

रीडा विमान वळवतो, नव्वद अंशांपर्यंत. गोळा वळतो. तो दोन हजार फूट खाली-वर होतो. गोळाही होतो. कोणी बोलत नाही. तोफ रोखलेली आहे, पण गोळी कशावर झाडायची? आठ मिनिटं हा पाठलाग चालतो. मग गोळा काटकोनात वळतो, वेग घेतो आणि ढगांत नाहीसा होतो.

परतल्यावर रीडानं जे सांगितलं त्यात दोन आकडे आहेत: गोळा ५०० यार्डांवर होता आणि पाच-सहा फूट व्यासाचा होता. इथे तुम्ही जरीमरीचं शहाणपण खिशातून काढायचं. त्यानं हे अंतर कशानं मोजलं? गोळा रडारच्या पडद्यावर पाहिल्याचं त्याच्या सांगण्यात नाही. मागे झाड नाही, डोंगर नाही, ओळखीच्या मापाची एकही वस्तू नाही. डोळ्याला मिळाला तो फक्त कोन, साधारण पंचमांश अंशाचा, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्याहूनही कमी. ५०० यार्डांवरचा सहा फुटी गोळा तेवढाच दिसेल आणि पाच मैलांवरचा शंभर फुटीही तेवढाच. रीडा खोटं बोलत नव्हता. त्याच्या मेंदूनं रिकामी जागा भरली, आणि युद्धात ती जागा नेहमी शत्रूच्या मापानं भरली जाते.

पंचांग उघडलं तर अजून एक गंमत दिसते. श्रावण वद्यातली ती रात्र, अष्टमीच्या आसपासची. कृष्णजन्माच्या वेळी चंद्र उगवतो हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. म्हणजे त्या रात्री मध्यरात्रीच्या सुमारास पूर्व-ईशान्येला अर्धा चंद्र नुकता वर आला होता, ढगांच्या फटींतून लाल दिसेल असा. सुमात्राहून सिलोनकडे परतणाऱ्या विमानाची उजवी बाजू तीच. चंद्र कितीही वळा, बरोबर येतो. कितीही खाली जा, खाली येतो. तरी तो चंद्रच होता असं मी म्हणणार नाही. अकरा माणसांनी चंद्र ओळखला नाही हे मला पटत नाही, आणि काटकोनात पळणारा चंद्र मी पाहिलेला नाही. पण ‘वळलं की वळतं’ हा त्या गोळ्याच्या हुशारीचा पुरावा मानू नका. लांबची प्रत्येक वस्तू तेच करते.

तीनच महिन्यांनी युरोपात रात्री उडणाऱ्या अमेरिकन वैमानिकांना असेच दिवे दिसू लागले. त्यांनी त्यांना ‘फू फायटर’ म्हटलं, एका विनोदी चित्रमालिकेतला शब्द उचलून. जर्मनांचं गुप्त अस्त्र असावं, असा बऱ्याच जणांचा समज होता.

परत मुंबईवर या, थोडं वरून. १५ जुलै १९५३. बी.ओ.ए.सी.चं कॉमेट, जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान, सांताक्रूझवर उतरायचं ते जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरतं. १९७२ च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचं डीसी-८ तीच चूक करतं आणि पट्टी संपून पुढे जातं. दोन्ही वेळा हजारो तास उडालेली माणसं, आणि खाली पक्की धावपट्टी. मनात जी पट्टी होती ती डोळ्यांना दिसली. ‘वैमानिक चुकूच शकत नाही, त्यानं पाहिलं म्हणजे होतंच’ असं छातीठोक सांगणाऱ्यांना जुहूची चौपाटी दाखवावी.

आता थंडीचं काहीतरी अंगावर घ्या. नोव्हेंबर २०१२, पँगाँग सरोवर. गंमत म्हणजे रीडाचं विमान ज्या उंचीवर उडत होतं, साधारण त्याच उंचीवर तुम्ही जमिनीवर उभे आहात. श्वास अर्धाच आत जातो. सूर्य बुडून थोडाच वेळ झालाय. शेजारी साताऱ्याकडचा एक जवान, नाकापर्यंत मफलर.

“आला बघा साहेब,” तो म्हणतो. “रोजच्या टायमाला.”

पूर्वेच्या काळ्या कड्यामागून, म्हणजे चीनच्या बाजूनं, एक पिवळसर गोळा वर येतो. दचकायला होतं इतका तेजस्वी. हळूहळू चढतो. तीन ते पाच तास आभाळात सरकतो आणि मग दिसेनासा होतो. ऑगस्टपासून हे चाललंय. सरोवराजवळच्या डोंगरावर रडार आणून लावलं, त्यावर काही उमटलं नाही. रेडिओलहरी पकडणारं यंत्र लावलं, काही सापडलं नाही. टेहळणीचं मानवरहित विमान त्या दिशेनं पाठवलं. त्यानं गाठता येईल तेवढी उंची गाठली आणि गोळा हरवला. ऑगस्ट ते फेब्रुवारी अशा ३२९ नोंदी लष्करानं केल्या. त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष ताबारेषा ओलांडून आत आली, असंही लिहिलं. चिनी टेहळणी विमानं असावीत, असा संशय होता.

थांबा इथे. हसू नका. तुमच्या समोरची सीमा आखलेली नाही, ५० वर्षांपूर्वी इथेच युद्ध झालंय आणि तुमचं कामच मुळी पलीकडून काय येतं ते पाहण्याचं आहे. जवान वही काढतो, बोटं चोळून ऊब आणतो आणि वेळ लिहितो. ती वही हाच या गोष्टीतला खरा नायक.

कारण पुढे लष्करानं बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. तुषार प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढचा प्रश्न साधा होता: ही वस्तू आभाळातली की जमिनीवरून उडालेली? त्याला उत्तर देण्याची रीतही जुनीच आहे. किती वाजता, कुठल्या दिशेला, क्षितिजापासून किती अंशांवर, एवढं लिहिलेलं असलं की गणितानं काढलेल्या ग्रहांच्या जागांशी ते ताडता येतं. जी वस्तू दर रात्री आदल्या रात्रीपेक्षा चारेक मिनिटं लवकर उगवते तिला इंधन लागत नाही, ती पृथ्वीच्या फिरण्यावर चालते. उत्तर निघालं: गुरू आणि शुक्र. गुरू त्या वर्षी ३ डिसेंबरला सूर्याच्या बरोबर समोर येत होता, म्हणून संध्याकाळी पूर्वेला उगवून रात्रभर तळपत होता, शुक्र पहाटे. पँगाँगची हवा इतकी विरळ आणि कोरडी की कड्याला टेकलेला ग्रहही मंद होत नाही. मैदानातल्या माणसाला गुरू असा दिसतो हे खरंच वाटणार नाही. रडारवर तो उमटला नाही यात नवल ते काय, साठेक कोटी किलोमीटरांवरची वस्तू होती ती.

त्याच नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी क्षणभर कुर्ल्यात डोकावून घ्या. १८ तारीख, बाळासाहेब ठाकऱ्यांची अंत्ययात्रा. दुकानं बंद, एल.बी.एस. मार्गावर चिटपाखरू नाही. अंधार पडल्यावर घाटकोपरच्या डोंगरावर तोच गुरू वर आलाय, पँगाँगचाच. इथे त्याला कोणी घुसखोर म्हणत नाही. विमानांच्या रांगेत तो अजून एक दिवा. लोकांना वाटतं, हेही उतरेल थोड्या वेळानं.

आता लढाऊ विमानात बसा, कारण वेगाचा घोटाळा तिथे कळतो. जानेवारी २०१५, अमेरिकेचा पूर्व किनारा, एफ-१८ च्या कॅमेऱ्याचा पडदा. समुद्राला घासून एक पांढरा ठिपका सुसाट पळतोय आणि हेडफोनमध्ये वैमानिक पोरांसारखे ओरडताहेत. हे चित्रण पुढे ‘गो फास्ट’ नावानं जगभर फिरलं. पेंटॅगॉननं ते एप्रिल २०२० मध्ये अधिकृतपणे खुलं केलं. पण पडद्याच्या कोपऱ्यांत आकडे आहेत, विमानाची उंची, कॅमेऱ्याचा कोन, अंतर. नासाच्या समितीनं सप्टेंबर २०२३ मध्ये ते आकडे घेऊन शाळेतली त्रिकोणमिती केली. ठिपका समुद्रालगत नव्हताच, १३ हजार फुटांवर होता, आणि त्याचा वेग निघाला ताशी सुमारे ४० मैल. म्हणजे वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या वस्तूचा. पळत होतं ते विमान. सायनहून कुर्ल्याला येताना लोकलच्या दारातून रुळालगतचे खांब मागे पळताना दिसतात, तसाच तो ठिपका पळाला.

हाच अनुभव आपल्या सुखोईच्या वैमानिकालाही येणार. २६ जानेवारी २०१६, राजस्थान सीमा, दिल्लीत संचलन चालू असताना रडारवर एक ठिपका. आता तुम्ही त्या सुखोईत आहात. लक्ष्य जवळपास स्थिर आणि तुम्ही मिनिटाला दहा-पंधरा किलोमीटर जाणारे. ते समोर येतं न येतं तोच मागे गेलेलं असतं. तरी ते पाडलं गेलं. फुगा निघाला. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना त्यावर उत्तरं द्यावी लागली. फुग्यावर सुखोई सोडायचं का, अशी थट्टा झाली, पण मला ती उथळ वाटते. फुगा आहे हे पाडल्यावर कळतं. अमेरिकेच्या गुप्तचर संचालकांच्या कार्यालयानं २०२१ च्या अहवालात १४४ नोंदी तपासल्या आणि त्यातली एकच खात्रीनं ओळखता आली. तोही फुगाच, हवा निघत चाललेला. बाकीच्या नोंदींना पुरेशी मापंच नव्हती.

कधीकधी आभाळ स्वतःच खुलासा पाठवतं. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढ्या उतरवून झाल्यात, पावणेआठच्या सुमारास विदर्भापासून खानदेशापर्यंत जळत्या रेघांची एक मिरवणूक आभाळातून जाते. मोबाइल वर होतात. उल्का, क्षेपणास्त्र, परग्रहवासी, ज्याला जे हवं ते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला मात्र धातूचं एक भलंमोठं कडं येऊन पडतं. चिनी रॉकेटचा वर्षभर फिरत राहिलेला तुकडा. कडं हाताला लागलं म्हणून वाद मिटला.

शेवटचा मुक्काम, १९ नोव्हेंबर २०२३, रविवार, दुपारचे अडीच. कुर्ला ओस पडलंय, पण वेगळ्या कारणानं: अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झालाय. सामन्याआधी हवाई दलाच्या सूर्यकिरण पथकानं मैदानावर कसरती केल्या आणि कोट्यवधी लोकांनी त्या पाहिल्या. टीव्हीसमोरून तुम्हाला उठवणं कठीण आहे, पण उठा. इंफाळच्या विमानतळावर चला.

टॉवरमधली माणसं बोट दाखवताहेत. धावपट्टीजवळच्या आभाळात काहीतरी आहे, भर दिवसा, नुसत्या डोळ्यांना दिसणारं. उड्डाणं थांबवली जातात. येणारी दोन विमानं दुसरीकडे वळवली जातात. मणिपूर मे महिन्यापासून पेटलेलं आहे, ड्रोनची भीती खरी आहे, त्यामुळे इथे कोणी खांदे उडवत नाही. बंगालमधल्या हाशिमाऱ्याहून राफेल निघतं.

त्यात बसा. डोक्यावर काचेचं झाकण, समोरच्या पडद्यावर रडारची नजर, खाली डोंगरांच्या निळ्या घड्या. सांगितलेल्या जागेवर तुम्ही पोचता. घिरट्या घालता. उंची बदलता. रडार, कॅमेरे, स्वतःचे डोळे, सगळं लावता. काही नाही. पहिलं राफेल परतल्यावर दुसरं पाठवतात, त्यालाही काही मिळत नाही. तीनेक तासांनी विमानतळ उघडतो, तोवर अहमदाबादेत २४० वर डाव आटपत आलेला असतो.

हवाई दलाच्या पूर्व विभागानं त्या दिवशी दिलेलं निवेदन मोजक्या शब्दांचं आहे: विमानतळावरून डोळ्यांनी दिसल्याच्या माहितीवरून हवाई संरक्षण यंत्रणा कार्यान्वित केली, त्यानंतर ती लहान वस्तू दिसली नाही. ‘लहान’ हा शब्द पुन्हा वाचा. किती अंतरावरची लहान? टॉवरमध्ये कोन मोजणारा थिओडोलाइट असता आणि कोणी दोन ठिकाणांहून दोन कोन लिहून घेतले असते, तर राफेलच्या वैमानिकाला कुठे बघायचं ते नेमकं सांगता आलं असतं.

तुम्हाला थिओडोलाइट लागणार नाही. हात ताठ लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी साधारण दहा अंश भरते. क्षितिजापासून किती मुठी, कुठल्या इमारतीच्या डोक्यावर, किती वाजून किती मिनिटांनी, एवढं लिहा. दहा मिनिटांनी पुन्हा लिहा. दुसऱ्या गच्चीवरच्या शेजाऱ्यालाही लिहायला सांगा, म्हणजे दोन कोन होतील. मोबाइलनं झूम करून काढलेला थरथरता व्हिडिओ नंतर काढला तरी चालेल.